तळ दिसेपर्यंत

आवाज म्हणावा असा काही झालाच नाही. पाण्यात लिंबोळी पडावी एवढं बारीक 'डुब' झालं, आणि त्यावर अव्वा नुसती "अगं..." म्हणाली. मृत्युंजय तेव्हा हौदाच्या पलीकडच्या काठावर लांब दांड्याचा ब्रश घेऊन भिंतीचं शेवाळ घासत होता, आणि हे नवं काम आपल्याला जमायला लागलंय या खुशीत होता. त्यानं मान वर केली तर अव्वा पायरीवर बसलेली, डावा हात तसाच पुढं धरलेला, तळवा मोकळा. तांब्या कलंडलेला, बेलाची पानं पाण्यावर तरंगायलेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची त्याची आई, पण तिच्या तोंडावर त्या वेळी जे आलं ते त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. अव्वा भ्यायली होती. आणि खरं सांगायचं तर त्याला पहिल्यांदा जे जाणवलं ती काळजी नव्हती. बरं वाटलं होतं त्याला. क्षणभरच, पण वाटलं होतं. मग तो पळाला.

लातुरात डाळीची मिल असलेला माणूस पोहायचा हौद कशाला घेतो, असं गंजगोलाईच्या बाजारातल्या निम्म्या लोकांनी त्याला तोंडावर विचारलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांनी पाठीमागं. ज्या गावानं रेल्वेच्या वाघिणीतनं प्यायचं पाणी येताना पाहिलं, घागरीवरनं डोकी फुटताना पाहिली, त्या गावात हा नसता शौक! तो सांगायचा, "मी कुठं बांधला? बंगल्यासंगं आला." हे खोटं नव्हतं. औसा रोडचा हा बंगला एका क्लासवाल्या सरांचा. ते पुण्याला गेले, बंगला विकला, मागं फिल्टर, पंप, पाइप असा सगळा पसारा ठेवून गेले आणि तो चालवायचा कसा हे मात्र सांगून गेले नाहीत. पण मृत्युंजयनं बाकीचे चार बंगले सोडून हाच का घेतला, हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याला अव्वाला पाणी दाखवायचं होतं. एवढं पाणी, कुणी न पिणारं, कुणी न मोजणारं, नुसतं निळं निळं पडून असलेलं. तिनं ते बघावं, तिचा जळफळाट व्हावा, आणि तिला काही बोलता येऊ नये. झालं भलतंच. अव्वाला हौद आवडला. पहिल्याच दिवशी काठावर बसून तिनं पाण्यात पाय सोडले आणि एखाद्या पोरीसारखी हसली. जन्मभर एका तांब्यात पूजा उरकलेली बाई. दुसऱ्या दिवसापासून चटई, विभूती, बेलपान घेऊन पायरीवरच बसायला लागली. जन्मल्यापासून गळ्यात बांधलेलं इष्टलिंग काढून डाव्या तळव्यावर ठेवायचं, हौदाच्या पाण्याला लागून बसून त्याच्यावर तांब्यातल्या पाण्याची धार धरायची, डोळे लावून बघत राहायचं. उदगीरकडची बाई ती, म्हणून घरात सगळे तिला अव्वाच म्हणत, आणि तिची पूजा झाल्याशिवाय तिच्या पोटात अन्नाचा कण जात नाही हे घरातलं मांजरसुद्धा ओळखून होतं.

आता लिंग पाण्यात, आणि पाणी ताकासारखं पांढरं. ती करणी मृत्युंजयची. पाणी हिरवं पडायला लागलं तेव्हा त्यानं कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? टँकरचं गढूळ पाणी आलं की तुरटी फिरवायची, ब्लीचिंग टाकायची, हे लातुरातल्या लेकरांना बाराखडीच्या आधी येतं. त्यानं आदल्या दिवशी तुरटीचं पोतं आणि ब्लीचिंगचं पोतं दोन्ही ओतलं आणि वर मोटार चालू ठेवली. घरच्या रांजणाला लावलेली अक्कल हौदाला लावली. गाळ बसायच्या ऐवजी सगळं ढवळून निघालं. गुडघाभर पाण्यातला स्वतःचा पाय त्याला दिसेना. तो पायरीपाशी उतरला, पायानं चाचपलं, हातानं चाचपलं, जाळी फिरवली. अव्वा काठावरनं बघत होती. "तिकडं न्हाई. इकडं. माझ्या हाताखाली." मग, "मृत्युंजया, घावंल ना रे?" ती त्याचं नाव कधी तोडत नसे, देवाचं नाव, म्हणायची. "घावंल की, जातंय कुठं?" तो म्हणाला.

"हौद मोकळा करा," महानंदा म्हणाली. त्याची बायको कमी बोलायची, आणि बोलायची ते बहुतेक बरोबर असायचं, म्हणून त्याला ते आवडत नसे. पाणी सोडून द्यायचं, तळाला उतरायचं, उचलायचं. अर्ध्या दिवसाचं काम. पण रविवारी त्यानं अख्ख्या अडत बाजाराला जेवायला बोलावलं होतं. गुरुलिंगअप्पा येणार होते, ज्यांनी चारचौघांत त्याला विचारलं होतं, "काय सावकार, म्हशी धुवायला केलाव का हौद?" एकदा रिकामा केलेला हौद रविवारपर्यंत भरणार नव्हता, बोअर तेवढं देत नव्हती. आणि गुरुलिंगअप्पानं येऊन काय बघायचं? खड्डा? "पाणी निवळू दे," तो म्हणाला, "तळ दिसला की आपसूक घावंल. उगं घाई कामून करायलीस?" त्या दिवशी अव्वा जेवली नाही. चिमूटभर विभूती टाकलेलं पाणी तेवढं घोटभर घेतलं, रक्तदाबाची गोळीसुद्धा नको म्हणाली. मठातल्या जंगम पुरोहितांना फोन लावला तर ते बिचारे समजुतीनं म्हणाले, हरवलं तर दुसरं बांधून घेता येतं, विधी आहे, म्हाताऱ्या जिवाला उपाशी ठेवू नका. अव्वानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "जन्मले तवा माझ्या बापानं बांधलं. माझ्यासंगं मातीत जायचं हाय ते. दुसरं घेऊन त्याला काय तोंड दाखवू?"

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, त्यानं सामानवाल्या फारूकला फोन केला. गोलाईमागं त्याचं पंप-फिल्टरचं दुकान. पोहायला त्याला येत नव्हतं आणि हौदही त्यानं आयुष्यात चार-दोनच पाहिले असतील, पण आवाजात असा भरवसा, जसं काही समुद्र त्याच्याच देखरेखीखाली आहे. "सेठ, टेन्शन कामून घेता? पाणी हाय, बिमार पडतंच. पयले मोटार बंद. गाद बसू द्या. मंग ते सक्शनचा पाइप लावून तळ वढून घ्या, झाडू मारल्यावानी. एकदम आहिस्ता." मृत्युंजयनं मोटार बंद ठेवली, दुपारपर्यंत वाट पाहिली, मग पाइप लावून तळ ओढायला घेतला. काम मोठं गुंगवणारं निघालं. दांड्याच्या टोकाला चाकं, चाकांवर ती चपटी पेटी, आणि पाण्याखाली न दिसणारी जमीन. हाताला कळतं तेवढंच खरं. फरशीचे सांधे कळायचे, मऊ गाळ कळायचा. आपण किती वर्षांत असं काही हातानं केलं नाही, असं त्याच्या मनात येत होतं. मिलमध्ये नुसतं ओरडायचं असतं. पायरीपाशी काहीतरी खडखडलं आणि बंद झालं, तेही त्याला कळलं, पण तेव्हा लक्षात आलं नाही. थोड्या वेळानं पंप घरघरायला लागला. पुन्हा फारूक. "जाळी उघडली का सेठ?" "कसली जाळी?" पलीकडं फारूक इतका हसला की मृत्युंजयनं फोन कानापासून लांब धरला. "पंपाच्या तोंडावर डबा न्हाई का, झाकणाचा? रोज उघडायचा असतोय त्यो! तुमी घर घेतलं तवापासून बंदच हाय का? या अल्ला!"

मशीनच्या खोलीत, गुडघ्यावर बसून, त्यानं झाकण फिरवलं. आत कुजलेला लिंबाचा पाला, कुणाचा तरी केसांचा चाप, एक फुगलेली पाल. आणि पाल्याच्या चिखलात, बोराएवढं, काळं. त्यानं ते उचललं. हिरव्या चिकट्यानं माखलेलं होतं, पण तेच होतं. लहानपणापासून रोज सकाळी पाहिलेलं. त्यानं कधी हातात घेतलं नव्हतं. वजन वाटलं त्यापेक्षा जास्त होतं. तो उठला आणि पळतच निघाला, हे लिहून ठेवा त्याच्या नावावर: तो पळतच निघाला होता, तोंडात "अव्वा, घावलं" हे शब्द तयार होते. अव्वा व्हरांड्यात चटईवर हौदाकडं तोंड करून बसलेली. त्याला येताना बघून ती म्हणाली, "सांडत येऊ नको. पाणी हाय ते."

त्याच्या ओल्या पॅन्टीतनं फरशीवर पाणी ठिबकत होतं. एवढंच. पण आवाज तोच. चाळीस-बेचाळीस वर्षं जुना, न झिजलेला. तो आठ वर्षांचा होता तेव्हा आंघोळ करताना त्याच्या हातनं पाण्याची बादली उपडी झाली होती. चैत्राचं ऊन, आड आटलेला, आणि ती बादली अव्वानं कुठल्या तरी शेतातल्या विहिरीवरनं डोक्यावर आणलेली. तिनं मारलं नाही. मारलं असतं तर तो विसरून गेला असता. तिनं त्याला रांजणाशेजारी उभं केलं आणि म्हणाली, "आज पाणी न्हाई तुला. किंमत कळू दे." शेजारच्या घरांनाही बजावून आली, याला घोटभरही द्यायचं नाही. दुपार झाली. जीभ टाळूला चिकटली. त्यानं रांजणाच्या ओल्या मातीला गाल लावला तर तिनं दंड धरून बाजूला ओढलं. आणि मग ती न्हाऊन पूजेला बसली, त्याच्या समोर. तळव्यावर लिंग, वरनं तांब्यातली धार. पाणी बोटांमधनं निथळत ताटात पडत होतं, टप टप, आणि तो प्रत्येक थेंब मोजत होता. देव पितोय. देवाला तहान नाही तरी पितोय. ताटातलं तीर्थ तिनं स्वतः प्यायलं, डोळे मिटून. त्याच्याकडं बघितलंही नाही. दिवेलागणीला त्याला पाणी मिळालं तेव्हा त्याला ते गिळता आलं नाही, उलटी झाली, आणि त्या वाया गेलेल्या पाण्याबद्दलही तो बोलणी बसायची वाट बघत उभा राहिला.

"काय रे, घावलं का?" अव्वानं विचारलं.

त्याची मूठ खिशात होती. "न्हाई अजून," मृत्युंजय म्हणाला.

म्हणाला आणि स्वतःच चकित झाला, किती सोपं होतं ते. थोडाच वेळ, त्यानं स्वतःला बजावलं. संध्याकाळपर्यंत. तेव्हा त्यालाही संध्याकाळपर्यंतच ठेवलं होतं ना? हिशोब सरळ होता. पण संध्याकाळी पाहुण्यांच्या स्वयंपाकाचं बोलायला आचारी आला, मग जेवण झालं, मग झोप आली. झोप लागली, हे त्याचं त्यालाच सकाळी विशेष वाटलं. शुक्रवारी महानंदा मठातनं नवं लिंग घेऊन आली. सासूचे ओठ सुकलेले तिला बघवत नव्हते. "त्यांना सांगू, घावलं म्हणून. त्यांना आता दिसतंय किती? पाप लागलं तर मला लागू दे," ती कधी नव्हे ते रडत म्हणाली. मृत्युंजय दारात उभा राहिला. खरं लिंग त्याच्या खिशात, रुमालात गुंडाळलेलं, मांडीला लागत होतं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर त्याची बायको त्याच्या आईच्या हातावर खोटं ठेवत होती. तो एक शब्द बोलला असता तर तिथंच संपलं असतं सगळं. पण बघावं तरी काय होतंय, असं त्याला वाटलं. अव्वाचा चेहरा उजळला. डावा हात पुढं आला. मग तिनं अंगठा फिरवला, एकदा, आणि चेहरा परत मिटला. "ह्ये माझं न्हाई गं," ती महानंदाला म्हणाली, रागानं नव्हे, समजूत घालावी तशी. "माझ्या अंगठ्यानं त्याला एका अंगाला सपाट केलंय. ह्ये गोल हाय. ठेव परत जाऊन, जंगमाची वस्तू हाय." डॉक्टर आले, त्यांना सलाईन लावू दिलं नाही. पाण्यात एव्हाना दुसऱ्या पायरीपर्यंत दिसायला लागलं होतं.

शनिवारी त्यानं तिला विचारलं. तिच्याजवळ बसून, पहिल्यांदाच. हे विचारायचं म्हणूनच आपण थांबलोय, असं एव्हाना त्यानं स्वतःला पटवलं होतं. तिनं एकदा म्हणावं, चुकलं रे लेकरा, की लगेच रुमाल सोडायचा. "अव्वा, मी लहान असताना बादली सांडली होती बघ. तू दिवसभर पाणी दिलं न्हाईस. आठवतंय?" अव्वानं डोळे उघडले. खूप लांबून बघावं तसं बघितलं. "कंची बादली?" "ती चैतातली. रांजणापाशी उभं केलं होतंस." ती विचारात पडली, खरोखर आठवत राहिली, आणि मग मान हलवली. "न्हाई बा. असं तर लई येळा केलं आसंल. तुम्हा लेकरांना कशाचीच किंमत नव्हती." तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "पर शिकलास ना? बग, आता केवढं पाणी ठिवलंस दारात."

तो उठून गेला. एवढी वर्षं त्यानं जे पोटात सांभाळलं होतं, जे काढून ठेवलं तर आपल्यात काय उरतं हेही त्याला ठाऊक नव्हतं, ते तिच्यापाशी नव्हतंच. कुठंच नव्हतं. त्या दिवसाचा मालक तो एकटाच होता. राग असा आला की त्यानं ब्रश उचलून भिंती घासायला घेतल्या आणि घासतच राहिला. दुपारी महानंदाची हाक आली. न्हाणीच्या दारात अव्वा पडली होती. तिला उचलताना त्याच्या दोन्ही हातांना काही भारच लागला नाही, उडदाचं रिकामं पोतं जास्त भरलं असतं. तेव्हा मात्र तो हादरला. बास झालं, बास. आता देऊन टाकायचं. तिला बिछान्यावर ठेवून तो मशीनच्या खोलीत आला, रुमाल सोडला. आणि लिंग बघून त्याला लाज वाटली. खिशातल्या उबेनं चिकटा सुकून घट्ट झाला होता, चुन्याचा पांढरा थर चढला होता, पालीचा वास येत होता. असं कसं तिच्या हातावर ठेवायचं? स्वच्छ करून देऊ. या चार दिवसांत तो स्वच्छ करणारा माणूस झाला होता ना! त्यानं ब्रश मारला, निघेना. फारूकला फोन केला. "सेठ, चुना जमला का? ॲसिड हाय ना तुमच्याकडं फरशीचं? त्येच्यात बुडवा, घडीभर ठिवा. बेफिकर ऱ्हावा, सगळं निघतंय." फारूकला वाटलं, फरशीचंच बोलतोय.

सगळं निघालं. वाटीत फेस आला, धूर आला, मृत्युंजय खोकत बाहेर गेला आणि परत आला तेव्हा ॲसिड काळं झालं होतं. वरचा काळा लेप, जो तिच्या बापाच्या वेळेपासून होता, ज्यात तिची सगळी विभूती, सगळं तेल, अंगठ्याची रोजची सकाळ मुरलेली होती, तो गळून वाटीच्या तळाला गाळ होऊन बसला होता. हातात आला तो एक लहानसा राखाडी खडा, खडबडीत, कोंभ फुटल्यासारखा. हा आत असतो हे त्याला माहीत नव्हतं. तिलाही नसणार. मृत्युंजयनं तो पुसला, पुन्हा पुसला, त्याच्यावर विभूती फासून पाहिली, खोबरेल लावून पाहिलं. रडू येईल असं वाटलं, आलं नाही.

रविवारी सकाळी पाणी असं निवळलं की बघत राहावं. निळं, शांत, तळाची फरशी न् फरशी मोजून घ्यावी. आचाऱ्यांनी मागं चूल पेटवली होती. मृत्युंजय अव्वाच्या उशाशी गेला आणि त्यानं तो खडा तिच्या डाव्या तळव्यावर ठेवला. तिचा अंगठा फिरला. थांबला. परत फिरला. "ह्ये काय आणलास?" आवाज आता कुजबुजीएवढाच उरला होता. "अव्वा, ह्येच तुझं. माझ्या हातनं वरचा लेप गेला, ॲसिडात टाकलं मी. खरंच सांगायलोय. माझ्या लेकरांची शप्पथ."

"तळ दिसायलाय का पाण्याचा?"

"हाव. पर—"

"मला दाखीव."

त्यानं तिला खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून काठावर नेलं. ती वाकली. पायरी, पायरीखालची पायरी, तिच्या हाताखालची जागा, मग हळूहळू सगळा हौद, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. तिनं अर्धा तास तरी बघितलं असेल. एवढ्या पाण्यात कुठं एक काडी नव्हती. त्यानं हौद फार सुंदर स्वच्छ केला होता.

"अव्वा, ते तिथं न्हाई," तो तिच्या पायाशी बसून म्हणाला. आता काहीच राखून ठेवायचं नव्हतं. "मला गुरुवारीच घावलं होतं. पंपाच्या जाळीत. मी खिशात ठिवलं. दिलं न्हाई तुला. माझ्यापाशीच होतं, अव्वा."

अव्वानं त्याच्याकडं बघितलं. तिच्या कोरड्या तोंडावर हसू आलं, आणि तिनं तो खडा त्याच्या मुठीत परत दिला, वर त्याची बोटं मिटवली. "गुरवारी घावलं असतं तर गुरवारीच पळत आणून दिलं असतंस तू. माझं लेकरू हायस. मला ठाव न्हाई का?" ती धापा टाकत थांबली. "नको रे माझ्या जिवासाठी असं खोटं अंगावर घेऊ. चल, निजव मला."

दुपारी बाजार आला. गुरुलिंगअप्पांनी जोडे काढून काठावर हात टेकले, वाकून पाण्यात बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांना काही टोमणा सुचला नाही. "मानलं बुवा मृत्युंजय," ते म्हणाले, "सुई पडली तरी दिसंल." मग जेवायला बसताना त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "अव्वा जेवल्या का?"

महानंदाचा वाढता हात थांबला. मृत्युंजयनं खिशातला हात काढला नाही.

"पूजा व्हायचीय," तो म्हणाला. "तुमी बसा."